उजव्या डोळ्याचा साक्षात्कार

माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती आणि मला वाटलं, मला साक्षात्कार होऊन राहिलाय.

आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, समोर समई ठेवायची आणि लिंगावर नजर ठरवून बसायचं. काळ्याभोर लिंगावर ज्योतीचा एक ठिपका चमकतो. डोळा त्या ठिपक्यावर ठेवायचा. माझ्या वडिलांची नजर अर्धा अर्धा तास हलत नसे. माझं मन पाचव्या मिनिटाला चहाकडे जायचं. चाळीस वर्षं मी पूजा अशीच उरकली.

मागच्या श्रावणात एका सकाळी तो ठिपका विरघळला. आधी थरथरला, मग पसरला, मग त्याच्या जागी धुरकट पोकळी आली. कडेचं सगळं दिसत होतं, तळहाताच्या रेषा, भस्माचे पट्टे, समईचा दांडा. मधोमध मात्र काही नाही. शून्य. आमच्याकडे शून्याला लई मान आहे. वडिलांना आयुष्यभर बसून जे मिळालं नाही ते आपल्याला चहाची वाट बघता बघता मिळालं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी पूजा वीस मिनिटं चालली. तिसऱ्या दिवशी अर्धा तास. माझी बायको सुमन दारातून दोनदा डोकावून गेली. चौथ्या दिवशी मी तिला जड आवाजात सांगितलं, "लिंग दिसंनासं होतंय मला. नुसता उजेड राहतोय."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "एका डोळ्यानं का दोन्ही?"

असला प्रश्न साधकाला विचारतात का? तिचं माहेर जळकोटचं, माणसं रोकठोक, त्यांना यातलं काय कळणार, अशी मी मनाची समजूत घातली. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना मात्र सगळं सविस्तर सांगितलं. त्यातली एक माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो, की त्या दिवशी मला लई बरं वाटलं.

*

माझं काम नजरेचं. अर्धापूरला केळीच्या व्यापाऱ्यांसाठी मी बागा बघतो. बागेत शिरायचं, एकेक घड खालून वर न्याहाळायचा आणि आज कापायचा त्याच्या खोडाला चुन्याचा ठिपका लावायचा. कोवळ्या केळाला कंगोरे असतात. ते गोलावले की घड भरला. हाताने चाचपत बसलं तर दिवस मावळेल, म्हणून सगळा कारभार डोळ्यांवर. केळी चाखून पारखत नाहीत, बघून पारखतात. अकरा वर्षांपासून शुगर असलेल्या माणसानं ही गोष्ट घरी कळू द्यायची नसते. मीही दिली नाही, केळं चाखावंच लागतं असं सांगत आलो.

साक्षात्कारानंतर महिनाभरानं मी गंगाधररावांच्या बागेत होतो. गंगाधरराव म्हणजे शांत, नेमका माणूस. रोपं लावायची तर दोरी धरून लावणारा. सकाळपासून मी तीसेक घडांना चुना लावला होता. मग कमरेवर हात ठेवून ओळींकडे पाहिलं आणि म्हणालो, "गंगाधरराव, एवढी चांगली बाग, पण ओळी वाकड्या लावल्या बघा. मजूर काय पिऊन आले होते का?"

ते शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीतनं दोरी घेऊन आले, पहिल्या खोडाला बांधली, चालत शेवटच्या खोडापर्यंत गेले, ताणून धरली आणि तिथूनच म्हणाले, "बघा."

दोरीही वाकडी दिसत होती. मी म्हणालो, "ढिली हाय."

दुसरा कुणी असता तर दोरी माझ्या गळ्यात घातली असती. गंगाधररावांनी ती खोडाला गाठ मारून बांधली, माझ्याजवळ आले आणि बोटानं दोरी छेडली. तार वाजावी तशी टणकन वाजली. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "अप्पा, उजवा डोळा झाका."

झाकला. दोरी सरळ.

"आता डावा झाका."

दोरी मधोमध फुगली, सापानं बेडूक गिळल्यावाणी. पलीकडची खोडं तिच्यासोबत बाकली. मी हात काढला, परत झाकला. पाच-सहा वेळा केलं. दर वेळी तेच. मी बांधावर बसलो.

गंगाधरराव ओल्या फडक्यानं खोडांवरचा चुना पुसत निघाले. तिसातले बारा घड कोवळे होते. कापले गेले असते तर त्यांच्या वर्षाच्या मेहनतीवर मी सुरी फिरवली असती. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "बाकीचे बराबर हायेत. घरी जावा. व्यापाऱ्याला मी काय सांगत न्हाई, पण डोळा दाखवा."

आणि त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. या गोष्टीचा आजवर कुठं बोभाटा झाला असेल तर तो मीच केलेला आहे.

*

डोळा दाखवायचा म्हणजे चष्मा बदलायचा, अशी माझी समजूत. वर्षात तीन चष्मे झाले होते. चौथ्यासाठी मी नांदेडला मन्सूरभाईंच्या दुकानात गेलो. त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान. माझ्या वडिलांचा पहिला चष्मा तिथलाच.

मन्सूरभाईंनी काच घातली, काढली, दुसरी घातली. मग जुनी वही काढून माझे आधीचे नंबर पाहिले आणि काचांची पेटी बंद केली.

"अप्पा, राग मानू नका. चष्मा न्हाई देणार."

"का? फ्रेम न्हाई का माझ्या तोंडाजोगती?"

"तुमच्या तोंडाजोगती फ्रेम मिळंल. तुमच्या डोळ्याजोगती काच दुनियेत न्हाई." ते हसत नव्हते. "नंबर असा सालात तीनदा उड्या मारत नसतो. हे आतल्या पडद्याचं काम हाय. मी काच देतो, तुम्ही घालून फिरता, आन तेवढ्यात आत खराबी वाढती. तुम्हाला आता चष्मा इकणं मला हराम हाय."

माझ्या बत्तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी तर कोवळ्या केळीलाही गिऱ्हाईक शोधणारा माणूस. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं की पडद्याच्या डॉक्टरलाच दाखवा. मी दुकानाबाहेर पडून उन्हात उभा राहिलो. कागदावरची अक्षरं वाचायला मला डावा डोळा वापरावा लागला.

*

नांदेडला दवाखाने होते, पण नांदेडला गेलो असतो तर संध्याकाळच्या आत केळीच्या बाजारात बातमी पोचली असती की अप्पाचा डोळा गेला. ज्याचं पोट नजरेवर, त्याला ही बातमी परवडत नाही. लातूरला मुलगी दिली आहे. म्हटलं, लेकीला भेटायला चाललो असं सांगू. मन्सूरभाईंचा कागद वाचून सुमनही सोबत निघाली, लोहा, अहमदपूर करत लातूरच्या एसटीनं. मी दोनदा विनोद केला. तिनं खिडकी बघितली.

दवाखान्यात आधी डोळ्यांत थेंब टाकले. अर्ध्या तासानं परत थेंब. बाहुली मोठी होते आणि सगळा उजेड आत घुसतो. बाकावर आम्ही वीस-पंचवीस जण डोळे मिटून ओळीनं बसलेलो, सामुदायिक पूजाच जशी. मग एका यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावून फोटो काढले.

डॉक्टरबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. आतापर्यंत त्यांनी किती डोळे बघितले असतील, पण घाई नाही. आधी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. मग स्क्रीनवर माझ्या डोळ्याचा फोटो लावला. जिथं खळगा पाहिजे तिथं चक्क टेकाड होतं.

"तुमच्याकडे बागेला ठिबक असतं ना? नळी जुनी झाली, भोकं पडली, तर पाणी नको तिथं साचतं. मुळं कुजतात. तुमच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं शुगरनं तेच केलंय. बरोबर मधोमध पाणी साचलंय. जिथं तुम्ही बघता, तिथंच."

बत्तीस वर्षं बागेत फिरून मला जे कुणी सांगितलं असतं तरी कळलं नसतं, ते बाईंनी दोन मिनिटांत ठिबकवर आणून ठेवलं. पुढं म्हणाल्या, "दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. गळती थांबते, पाणी ओसरतं. डावाही सुरुवातीला आहे, त्याला कडेनं लेसर करू. उजव्यात गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण आता थांबलात तर मधली नजर जाईल आणि ती परत येत नाही."

मी विचारलं, "घड दिसंल का मला?"

"वेळेवर आलात तर दिसायची आशा आहे."

त्या "तर"वर माझं पुढचं सगळं टांगलेलं होतं. मला त्या वेळी फक्त "दिसायची आशा" ऐकू आलं.

मग त्यांनी माझी शुगरची फाईल उघडली. चार वर्षांचे रिपोर्ट, सगळे देखणे. मला त्या फाईलचा अभिमान होता. बाईंनी बोटावरचं नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं रक्त तपासायला पाठवलं. दुपारी रिपोर्ट आला. त्यांनी फाईल आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आता लपवून काय करू? तपासणीच्या आधी तीन दिवस मी जेवण जवळजवळ सोडायचो. कारल्याचा रस, अर्धी भाकर, गावाला चार फेऱ्या. रक्त दिलं की दवाखान्याच्या दारातूनच जिलेबीच्या दुकानात. चार वर्षं मी डॉक्टरांना फसवत होतो आणि पास झाल्याची जिलेबी स्वतःला चारत होतो.

हे सुमनसमोर सांगावं लागलं. मुलगीही उभी होती. मुलगी रडली. सुमन रडली नाही. ती म्हणाली, "कारलं मी निवडून द्यायचे. मला वाटायचं, माणूस सुधरला." पुढचे दोन दिवस मुलीच्या घरी ती सगळ्यांशी बोलली, माझ्या सासुरवाडीहून फोन आला त्यांच्याशी बोलली, गच्चीतल्या तुळशीशीही बोलली. माझ्या ताटात मात्र मुकाट्यानं वाढत राहिली, मोजून.

*

डोळ्यात सुई. हे दोन शब्द ऐकले की कुणीही परतीची एसटी शोधायला लागतं. ज्यांना हे पुढं करायचंय त्यांना घाबरवायचं नाही म्हणून खरं काय ते सांगतो.

माझ्या आधी जळकोटकडच्या एक म्हातारबाई होत्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, सोबत कुणी नाही. त्यांचं नववं इंजेक्शन होतं. मी विचारलं, लई दुखतं का. त्या म्हणाल्या, "सुई कळत न्हाई. डोळा उघडा ठिवायला चिमटा लावत्यात, त्यो तेवढा नकोसा वाटतो. आन आत गेल्यावर देवाचं नाव घ्या, इकडं तिकडं बघू नका." मग माझ्याकडं निरखून म्हणाल्या, "तुम्ही पुरुष माणूस, तुम्हाला लागंल थोडं."

सगळं त्यांनी सांगितलं तसंच झालं. बधिर करायचे थेंब, पिवळं औषध, तोंडावर हिरवं कापड, चिमटा. मग डोळ्यावर कुणी अंगठा दाबावा तसा दाब, आणि झालं. आठवडी बाजारात खिसा कापला जातो त्याहूनही गुपचूप. मी मात्र तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"झालं अप्पा," सिस्टर म्हणाल्या. "आता हात सोडा. संध्याकाळपर्यंत मला लागणार हाय तो."

नंतर डोळ्यासमोर एक काळा बुडबुडा तरंगत होता. दुसऱ्या दिवशी तो बारीक झाला, तिसऱ्या दिवशी गेला. डोळा लाल, थोडी कुसळ गेल्यासारखी चुरचुर. पाणी लागू द्यायचं नाही, चोळायचं नाही. सुमननं आठवडाभर ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं, एक डोळा सोडून. बोलत नव्हती, पण पुसत होती. अशा पुसण्याला काय म्हणावं मला माहीत नाही. मी त्या वेळी तोंड पुढं करून बसायचो, एवढं खरं.

*

दुसऱ्या इंजेक्शननंतर दोरी सरळ झाली. म्हणजे जवळपास. पूजेत ज्योतीचा ठिपका परत दिसला आणि मी साधकाचा पुन्हा संसारी झालो. बागेत जाऊन गंगाधररावांसमोर वीस घडांना चुना लावला. त्यांनी एकेक तपासला. एकच चुकला होता.

इथं शहाणा माणूस तिसऱ्या इंजेक्शनला गेला असता. मी काय केलं ते सांगतो. केळीचा तोडा जोरात होता, रोज बागा बघायच्या होत्या, आणि दिसत तर होतं. मी सुमनला म्हणालो, "दवाखान्यातनं फोन आला होता. डॉक्टरबाई गावाला गेल्यात. पुढच्या महिन्यात या म्हणाल्या."

ती "बरं" म्हणाली. पुढच्या महिन्यात बाई परत गावाला गेल्या. आता सुमननं मुलीकडून नंबर घेतला आणि स्वतः दवाखान्यात फोन लावला. फोन सिस्टरनी उचलला. मी शेजारीच भाकर खात होतो. सुमननं फोन मोठ्यावर टाकला.

"बाई कुठं गेल्या न्हाईत," सिस्टर म्हणाल्या. "रोज हायेत. अप्पा आले न्हाईत म्हणून आम्ही दोनदा फोन केला. ते म्हणाले, घरात लग्न हाय."

सुमननं फोन ठेवला. "कुणाचं लग्न हाय?"

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो. दोन दिवसांपासून उजव्या डोळ्याला घड परत पाण्यातून बघितल्यासारखे दिसत होते. हे मी तिला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "मी लई भिऊन राहिले. तुम्हाला कळत कसं न्हाई?" एवढंच. रागाचं मी काही करू शकलो असतो, भीतीचं काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही लातूरला. डॉक्टरबाईंनी तीन महिन्यांपूर्वीचा फोटो, दुसऱ्या इंजेक्शननंतरचा फोटो आणि आजचा फोटो ओळीनं लावले. टेकाड, सपाट, परत टेकाड. त्या रागावल्या नाहीत. मी रागाची तयारी करून गेलो होतो, उत्तरंही ठरवली होती, सगळी वाया गेली. त्या म्हणाल्या, "बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नसतं. आपण परत सुरू करू. पण यातलं थोडं आता कायमचं गेलेलं असेल, तेवढं धरून चला." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्यानंतर एकही तारीख चुकवली नाही. हे माझं कर्तृत्व नाही. तारीख सुमनकडे असते, पिशवी तिच्याकडे, माझी जेवणाची वाटीही तिच्याकडे. केळी बंद. तीन महिन्यांची सरासरी पहिल्यांदा खरी खाली आली, आणि जिलेबीचं दुकान माझ्यावाचून चालू आहे. मन्सूरभाईंनी नुकताच मला नवा चष्मा केला. म्हणाले, आता नंबर एका जागी बसलाय, आता विकतो.

ज्यांना शुगर आहे त्यांना एकच सांगायचंय. दिसत असलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. आणि फाईल देखणी करत बसू नका.

*

मागच्या आठवड्यात सातव्या इंजेक्शननंतरची तपासणी झाली. उजव्या डोळ्यानं मी तक्त्याची खालून तिसरी ओळ वाचली. त्याखालच्या दोन ओळी मला परत मिळणार नाहीत. त्या मी दोन महिन्यांच्या खोट्या लग्नात घालवल्या. पण मधली नजर टिकली. बाई म्हणाल्या, रोज घरी एकेक डोळा झाकून काहीतरी नेहमीचं बघत जा, वाकडं वाटलं तर लगेच या.

तर परवा दुपारी सुमन दारात उजेडाला बसून तूरडाळ निवडत होती. नेहमीचं म्हणजे हिच्यापेक्षा नेहमीचं काय असणार? मी समोर बसलो, डावा डोळा झाकला आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. सगळं जागेवर होतं. नाक सरळ, कुंकू गोल. आणि डाव्या भुवईच्या वर, केसांत शिरणारा, बोटाच्या पेराएवढा एक पांढरा व्रण होता.

म्हटलं, आपण आंधळेपणानं चाचपडत होतो तेव्हा हिला कुठंतरी लागलं, रक्त आलं असेल, आणि आपल्याला त्रास नको म्हणून हिनं एकटीनं सोसलं. मी हळूच विचारलं, "हे कवा लागलं तुला?"

तिनं सुपातून मान वर केली नाही. एक खडा उचलून बाजूला टाकला.

"बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "तवा तुमचे डोळे चांगले होते."